भात, भाकरी आणि काटक मावळा

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, सह्याद्रीच्या माथ्यापासून तळेगावच्या मोकळ्या पठारापर्यंत पसरलेल्या मावळ तालुक्याविषयी आहाराच्या संदर्भात काही समजुती इतक्या घट्ट रुजल्या आहेत की त्यांचा उगम शोधण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. डोंगरातला माणूस नाचणीच्या भाकरीवर वाढला म्हणून काटक निघाला, भाताने अंग सुटते, गुळाची चिक्की साखरेच्या मिठाईपेक्षा प्रकृतीला मानवते आणि सडपातळ शरीर हीच निरोगीपणाची खूण होय, या त्या समजुती. त्यांतील प्रत्येकीत तथ्याचा काही अंश आहे. परंतु प्रत्येकीला एक इतिहासही आहे, आणि तो तपासला असता असे दिसते की मावळच्या माणसाचे शरीर निरनिराळ्या काळी निरनिराळ्या लोकांनी आपापल्या गरजेप्रमाणे पारखले: सैन्याने शिपाई म्हणून, ठेकेदाराने मजूर म्हणून, सरकारने दुष्काळी कामावर पोसायचे तोंड म्हणून, आणि पुढे संशोधकांनी कोष्टकातला एक आकडा म्हणून. या सगळ्या पारखणीतून उपासमारीचा भाग मात्र बहुतेक वेळा गळून गेला, आणि जी काटकता अंशतः अर्धपोटी जगण्यातून आली होती, तिचे श्रेय एखाद्या धान्याला देऊन टाकण्यात आले.

मावळात खरोखर काय खाल्ले जात होते, हे पाहण्यासाठी आधी पाऊस आणि जमीन पाहावी लागते. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून पूर्वेला वीस-पंचवीस किलोमीटरवर वडगावच्या पुढे तो निम्म्याहूनही कमी होतो. इंद्रायणी, पवना आणि आंद्रा या नद्यांच्या खोऱ्यांतील, म्हणजे नाणे मावळ, पवन मावळ आणि आंदर मावळातील, सखल जमिनीत बांध घालून भाताची खाचरे केलेली असत. उन्हाळ्याच्या अखेरीस शेण, पालापाचोळा व झाडांच्या फांद्या पसरून रोपवाटिकेची जागा जाळायची, याला राब भाजणे म्हणतात. पावसाच्या आरंभी त्या भाजलेल्या जमिनीत धान पेरायचे, आणि रोपे हाताएवढी झाली की चिखलणी करून खाचरात त्यांची लावणी करायची, अशी ही रीत आहे. डोंगरउतारावरच्या हलक्या, खडकाळ जमिनीला वरकस म्हणतात. तिच्यावर नाचणी, वरई आणि सावा ही भरड धान्ये आळीपाळीने घेतली जात आणि दोन-चार वर्षांनी ती जमीन पडीक ठेवावी लागे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुण्यावरील अठरावा खंड १८८५ साली प्रसिद्ध झाला. या पश्चिम पट्ट्यातील पिकांची अशी दुहेरी मांडणी त्यातही आढळते.

या मांडणीचा आहाराच्या दृष्टीने अर्थ असा की भात खाणारा मावळकर आणि नाचणी खाणारा मावळकर अशी दोन माणसे मुळात नव्हतीच. एकच घर वर्षाच्या एका भागात भातावर आणि दुसऱ्या भागात नाचणी-वरईवर राही. आंबेमोहोरासारखा सुवासिक, बारीक तांदूळ पुण्याच्या बाजारासाठी होता, कारण सारा आणि सावकार या दोघांनाही रोख रक्कम हवी असे; पिकवणाऱ्याच्या ताटात येई तो जाडाभरडा तांदूळ, त्याची पेज आणि नाचणीची भाकरी किंवा आंबील. कार्तिकात घरात आलेले धान्य आषाढापर्यंत पुरले तर वर्ष बरे गेले असे समजले जाई. त्यापुढचे दोन-तीन महिने, म्हणजे नेमके लावणीचे आणि बेणणीचे, सर्वांत जास्त अंगमेहनतीचे महिने, कणगी रिकामी असण्याचे होते. सावकाराकडून सवाईने किंवा दिढीने धान्य उचलायचे, म्हणजे घेतलेल्या मापावर सुगीत पाव किंवा अर्धे माप जास्त परत करायचे, आणि उरलेली भूक रानावर भागवायची, हा नित्याचा क्रम होता. टाकळा, कुर्डू, भारंगी, चाईचा मोहोर या रानभाज्या, जमिनीतले कंद, ओढ्यातले मासे, खाचराच्या बांधातले खेकडे आणि मुठे, तसेच घाटवाटांनी कोकणातून वर येणारी सुकट व बोंबील ही त्या दिवसांची खरी पूरक शिदोरी होती. ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी कुटुंबांच्या बाबतीत तर पूरक हा शब्दही अपुरा पडतो. रानभाज्यांचे महोत्सव भरवून आज ज्या पदार्थांचे कौतुक होते, ते पदार्थ ज्या महिन्यांत खाल्ले जात त्या महिन्यांची आठवण त्या कौतुकात क्वचितच असते.

मावळच्या काटकतेची कीर्ती शिवकाळापासूनची आहे, आणि डोंगरी पायदळाच्या हालचालींचा इतिहास पाहता ती निराधार नाही. पण त्या कीर्तीवरून आहाराविषयी निष्कर्ष काढताना एक साधी चूक होते. सैन्यात घेतले जाणारे लोक हे तरुण, धडधाकट आणि लहानपणीच्या आजारांतून वाचलेले असत. ज्या घरांतली मुले पाचव्या वर्षाच्या आत गेली, किंवा ज्या बायका बाळंतपणात दगावल्या, त्यांची गणना कोणत्याही फौजेच्या हजेरीपटात होत नाही. संख्याशास्त्रात याला निवडीचा दोष म्हणतात: जे टिकले तेवढेच डोळ्यांसमोर ठेवून, सर्वांना जे मिळाले ते उत्तम होते असे ठरवणे. मावळा जे खाई त्यामुळे तो चपळ झाला, की डोंगर चढण्या-उतरण्याची सवय आणि कठोर निवड यांमुळे, याचे उत्तर नुसत्या कीर्तीतून मिळू शकत नाही.

एकोणिसाव्या शतकात या कीर्तीला लढाऊ जमातींच्या वसाहती सिद्धान्ताची जोड मिळाली, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत त्या सिद्धान्ताला प्रयोगशाळेचा आधार लाभला. निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन या लष्करी डॉक्टरने हिंदुस्थानातील निरनिराळ्या लोकांचे ठरीव आहार तयार करून ते उंदरांच्या निरनिराळ्या गटांना खाऊ घातले. ठराविक मुदतीनंतर उंदरांची सरासरी वजने घेण्यात आली, तेव्हा शीख आहारावरचे उंदीर २३५ ग्रॅमचे, पठाण आहारावरचे २३० चे, मराठा आहारावरचे २२५ चे, तर बंगाली आहारावरचे १८० आणि मद्रासी आहारावरचे १५५ ग्रॅमचे भरले. या क्रमवारीचा प्रचंड प्रसार झाला, आणि गहू खाणारे बलवान व तांदूळ खाणारे दुबळे ही समजूत तिच्यावर पोसली गेली. पण गटागटांत बदलत होते ते केवळ धान्य नव्हते. शीख आहारात अख्ख्या गव्हाच्या पोळीबरोबर दूध, लोणी, डाळ, भाजी आणि अधूनमधून मांस होते. मद्रासी आहारात पॉलिशच्या तांदळाबरोबर दुधाचा अंश नगण्य होता. मॅक्‌कॅरिसनने स्वतः दूध व ताज्या भाज्यांवर भर दिला होता, मात्र लोकांच्या लक्षात राहिला तो गहू आणि तांदूळ यांचा झगडा. ज्याला मराठा आहार म्हटले गेले तो प्रामुख्याने देशावरच्या भाकरीचा होता. भात, नाचणी, पेज आणि मुठे यांवर वर्ष काढणारा मावळकर त्या पिंजऱ्यांपैकी कोणत्याही पिंजऱ्यात नव्हता.

या प्रयोगातील आणखी एक बाब आज अधिक ठळकपणे जाणवते. त्या काळी जास्त वजनाचा उंदीर हा निर्विवादपणे जास्त निरोगी मानला गेला. क्षयाच्या त्या युगात माणसाच्या बाबतीतही हाच निकष होता. हवापालटासाठी खंडाळा-लोणावळ्याला येणाऱ्या दुखणाइतांची प्रकृती सुधारली की नाही हे त्यांच्या वाढलेल्या वजनावरून ठरे, आणि दूध, अंडी, लोणी यांचा मारा हा उपचाराचा भाग असे. त्याच लोणावळ्यात आज वजन उतरवण्यासाठी मुक्कामी शिबिरे भरतात. जो काटा एका पिढीला आरोग्य दाखवत होता तो दुसऱ्या पिढीला रोग दाखवू लागला, यावरून एवढे तरी स्पष्ट होते की वजन ही गोष्ट स्वतः काहीच सांगत नाही. ते कोणाचे, कोणत्या वयाचे आणि कशाने बनलेले, हे विचारावेच लागते.

लोणावळ्याची सर्वांत प्रसिद्ध खाद्यवस्तू म्हणजे चिक्की, आणि तिच्याभोवतीची कथा रेल्वेशी जोडलेली आहे. बोरघाटाच्या रेल्वेमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली तो मार्ग खुला झाला. सुमारे पंधरा-सोळा मैलांत १,८३१ फूट चढ, पंचवीस बोगदे, आणि १८६१ साली ४२,००० मजूर, असे ते अवाढव्य काम होते. पटकी, ताप, दरडी आणि सुरुंग यांनी त्यात हजारोंनी माणसे मेली. मुख्य ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ साली हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट पुरे करवून घेतले. या मजुरांना ताकद यावी म्हणून गूळ आणि शेंगदाणे एकत्र करून गुडदाणी विकली जाऊ लागली व तीच पुढे चिक्की झाली, असे सर्रास सांगितले जाते. याच कथेबरोबर १८८८ हे आरंभाचे सालही सांगितले जाते; परंतु तोपर्यंत घाटातला मार्ग खुला होऊन पंचवीस वर्षे झाली होती, म्हणून ती दोन विधाने एकाच वेळी जशीच्या तशी खरी असणे कठीण आहे. रेल्वेच्या पुढील दुरुस्त्यांवरचे मजूर आणि गाडीने येणारे प्रवासी हे चिक्कीचे पहिले गिऱ्हाईक असणे अधिक संभवते. शिवाय भुईमूग हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पीक. दख्खनमध्ये त्याचा मोठा प्रसार एकोणिसाव्या शतकातला. मिरची, बटाटा आणि भुईमूग ही तिन्ही बाहेरून आलेली पिके आज ज्याला पारंपरिक मराठी आहार म्हणतात त्याच्या मध्यभागी बसलेली आहेत, म्हणून परंपरा हाच पौष्टिकतेचा पुरावा मानणाऱ्याने ती परंपरा किती वर्षांची हे आधी सांगायला हवे.

चिक्की करण्याची कृती पाहिली की तिच्या पौष्टिकतेचा प्रश्नही नेमका होतो. शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजून, चोळून, पाखडून त्यांची साले काढायची. कढईत गूळ वितळवून पाक चढवायचा आणि मधूनमधून त्याचा थेंब गार पाण्यात टाकून पाहायचा. थेंब बोटांत ताणला जातो तोवर पाक कच्चा असतो. तो कट्कन मोडला की कढई उतरवायची, दाणे घालायचे, आणि तूप लावलेल्या ओट्यावर ओतून थंड होण्याआधी भराभर लाटून त्याचे तुकडे पाडायचे. पाकातले बहुतेक सर्व पाणी उडाल्याखेरीज तो कडक होत नाही, म्हणजेच चिक्की ही जवळजवळ निर्जल वस्तू आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण ५६७ किलोकॅलरी ऊर्जा आणि २५ ग्रॅम प्रथिने असतात, गुळात साधारण ३८० किलोकॅलरी. दोन्ही समभाग धरले तर शंभर ग्रॅम चिक्कीत ४७० च्या आसपास किलोकॅलरी भरतात. घाटात दिवसभर पहार चालवणाऱ्याला ही शिदोरी अत्यंत उपयुक्त होती, आणि त्याच गुणामुळे मोटारीत बसून खाणाऱ्याला ती सहज जास्त होते. गुळाचे म्हणाल तर त्यात लोह व इतर खनिजे थोडी असतात, पण त्याचा मोठा भाग साखरेचाच आहे. जेवढा गूळ खाल्ल्याने लोहाची गरज भागेल, तेवढा गूळ कोणत्याही वैद्याने सांगू नये. म्हणून चिक्की ही वाईट ठरत नाही. शेंगदाण्याच्या प्रथिनांमुळे ती पुष्कळ मिठायांपेक्षा उजवीच आहे. पण तिचे श्रेय गुळाला दिले जाते ते चुकीच्या खात्यावर जमा होते.

रेल्वे खुली होऊन चौदा वर्षे होत नाहीत तोच दख्खनमध्ये १८७६-७८ चा दुष्काळ पडला. त्याची सर्वाधिक झळ पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील, पर्जन्यछायेतल्या तालुक्यांना बसली. मावळ पावसामुळे तुलनेने वाचले. परंतु आहारविषयक विचाराच्या दृष्टीने या दुष्काळाने एक मोजमाप मागे ठेवले. १८७७ च्या आरंभी दुष्काळाचे विशेष अधिकारी म्हणून नेमलेल्या आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर अर्धा आणा एवढी खाली आणली. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम; त्यातून जेमतेम १,६०० किलोकॅलरी मिळतात, आणि ते खडी फोडणाऱ्या माणसाला. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी शास्त्रीय आधारावर त्याला विरोध केला, तर पुण्यात सार्वजनिक सभेने मजुरांची बाजू मांडली आणि इलाख्यात हजारो मजुरांनी कामावरून उठून जाऊन आपला निषेध नोंदवला. माणूस किमान किती अन्नावर जगतो हा प्रश्न येथे आकड्यांत विचारला गेला. तो विचारणाऱ्याचा हेतू खर्च वाचवण्याचा होता, ही बाब पोषणशास्त्राच्या इतिहासात विसरता कामा नये.

लोणावळ्यात शरीराकडे मोजमापाच्या दृष्टीने पाहण्याचा वेगळाच प्रयत्न १९२४ साली सुरू झाला. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद यांनी त्या वर्षी येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि योगमीमांसा हे त्रैमासिक काढले. योगाच्या क्रियांविषयी जे दावे परंपरेने केले जातात ते यंत्राने तपासावेत, ही त्यांची भूमिका होती. उड्डियान आणि नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब खरोखर कमी होतो काय, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापकाच्या साहाय्याने पाहिले, आणि तो घटतो असे आढळल्यावर त्या स्थितीला आपल्या गुरूंच्या नावाने माधवदास निर्वात असे नाव दिले. हा काटेकोरपणा मोलाचा होता. मात्र दाब घटतो हे सिद्ध होणे आणि त्यामुळे रोग बरा होतो किंवा मेद झडतो हे सिद्ध होणे यांत मोठे अंतर आहे. ते पार करण्यासाठी सारख्या लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावे लागतात, एकाला उपचार देऊन दुसऱ्याशी तुलना करावी लागते, आणि ही पद्धत वैद्यकात रूढ झाली ती १९४० च्या दशकानंतर. आसनांनी ऊर्जेचा खर्च साधारण सावकाश चालण्याइतकाच होतो. त्यांचे इतर लाभ खरे असले तरी वजन उतरवण्याचे श्रेय बहुधा आश्रमातल्या मोजक्या जेवणाला अधिक द्यावे लागेल.

स्वातंत्र्यानंतर टेंपलच्या प्रश्नाला पुण्यातच नवे रूप मिळाले, आणि या टप्प्यावर थोडे थांबणे अगत्याचे आहे, कारण आहाराच्या प्रमाणांवर इतका मूलगामी वाद महाराष्ट्रात पुन्हा झालेला नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दरडोई दररोज २,२५० कॅलरींचे अन्न ज्या खर्चात मिळू शकते तो खर्च न झेपणारे ते गरीब, अशी रेषा त्यांनी आखली. तिला आव्हान दिले ते साताऱ्यातील बुध गावी जन्मलेल्या, जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुखपद भूषवून पुण्यात स्थायिक झालेल्या पां. वा. सुखात्मे यांनी. सुखात्मे यांचे पहिले म्हणणे असे की भारतातल्या कुपोषणाचे मूळ प्रथिनांच्या तुटवड्यात शोधणे चूक आहे. पोटभर रोजचे जेवण मिळाले तर प्रथिने बहुधा आपोआप भागतात. साठच्या दशकात जगभर प्रथिनांच्या दरीची जी हाकाटी चालली होती तिच्याविरुद्ध हे धैर्याचे विधान होते आणि पुढे ते बऱ्याच अंशी मान्य झाले. त्यांचे दुसरे म्हणणे अधिक वादग्रस्त ठरले: एकाच निरोगी माणसाची ऊर्जेची गरज दिवसागणिक आणि आठवड्यागणिक आपोआप कमीजास्त होते, शरीर कमी अन्नावर आपला खर्च आटोक्यात आणते, आणि म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक माणूस उपाशी मानता येत नाही.

कोणताही सरासरी आकडा प्रत्येक व्यक्तीला लावता येत नाही हे सुखात्मे यांचे निदान बरोबर होते, आणि आज वजन कमी करण्यासाठी दिवसाला अमुक इतक्या कॅलरी असा सरसकट सल्ला देणाऱ्यांनी ते वाचायला हवे. परंतु त्यांच्या विचाराप्रमाणे रेषा खाली आणली तर गरिबांची संख्या एकदम खाली येत होती, म्हणून दांडेकरांनी त्याचा कडाडून प्रतिवाद केला. सुखात्मे यांनी संपादित केलेला आणि पुण्यातून १९८२ साली प्रकाशित झालेला जो ग्रंथ या विचाराचे केंद्र ठरला, त्यातच डेव्हिड सेक्लर या अर्थशास्त्रज्ञाने लहान पण निरोगी अशी कल्पना मांडली: सौम्य कुपोषणात वाढलेली मुले आकाराने लहान राहतात, पण त्यांचे त्यात काही बिघडत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी संचालक सी. गोपालन यांनी यावर तीव्र आक्षेप घेतला. काटक मावळ्याविषयीची जुनी समजूत आणि सेक्लरची ही कल्पना यांचा गाभा एकच आहे. दोन्हींत खुजे, शिडशिडीत शरीर हे परिस्थितीशी यशस्वीपणे जुळवून घेतल्याचे प्रमाणपत्र मानले गेले.

त्या प्रमाणपत्राची तपासणीही पुण्यातच झाली. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना १९८० च्या दशकापासून असे मधुमेही रुग्ण दिसत होते जे पाश्चात्त्य निकषांनी लठ्ठ नव्हतेच. लठ्ठपणा मोजण्याचा प्रचलित निकष म्हणजे शरीरभार निर्देशांक. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले: दोघांचाही निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर सारखी उतरणारी ही दोन शरीरे आतून निराळी होती. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या गर्भवतींच्या पोषणाच्या अभ्यासाने या फरकाचे मूळ जन्माच्याही आधी नेऊन ठेवले. तेथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो, पण पुण्याच्या बाळांत जी तूट होती ती स्नायूंत आणि अवयवांत होती, त्वचेखालचा मेद मात्र बराचसा शाबूत होता. ज्या बाळांना सारे जग रोडावलेली म्हणत होते ती एका अर्थाने मेदाळ होती.

या अभ्यासातील आणखी दोन निष्कर्ष मावळच्या जुन्या ताटाशी थेट संबंध सांगतात, जरी ती गावे मावळातली नसली तरी. बाळाचे वजन आईने एकूण किती कॅलरी किंवा किती प्रथिने खाल्ली यापेक्षा तिने हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा घेतले याच्याशी अधिक निगडित आढळले. तसेच बऱ्याच मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. ज्यांच्यात ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक होती, म्हणजे मधुमेहाची पूर्वतयारी झालेली होती. ब-१२ वनस्पतींतून मिळत नाही; ते दूध, मांस, मासे यांतून मिळते. बांधातले मुठे आणि सुकट हे गरिबाचे हीन अन्न समजून ज्यांनी ते टाकले, त्यांनी त्याच्या जागी दूध आणले असेल तर काही बिघडले नाही. पण नुसता भात आणि डाळीचे पाणी आणले असेल, तर प्रतिष्ठेसाठी मोजलेली ती किंमत फार मोठी आहे.

उरला प्रश्न भाताचा. मावळात आज सर्वत्र दिसतो तो इंद्रायणी तांदूळ १९८७ साली प्रसारित झाला. आंबेमोहोर-१५७ आणि आय. आर.-८ यांच्या संकरातून तो निपजला, आणि आंबेमोहोराचा वास व मऊपणा राखून अधिक उत्पन्न देत असल्याने त्याने कामशेत-वडगावच्या खाचरांचा कब्जा घेतला. मऊ, चिकट भातातील पिष्टमय पदार्थात अमायलोज नावाचा सावकाश पचणारा घटक सहसा कमी असतो, आणि उखळात कांडलेल्या हातसडीच्या तांदळापेक्षा गिरणीच्या तांदळात कोंड्याचा थर कमी राहतो, हे खरे. १९८१ साली टोरांटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी मांडलेल्या ग्लायसेमिक निर्देशांकाने, म्हणजे एखादे अन्न रक्तातली साखर किती वेगाने चढवते याच्या मापाने, भाताची बदनामी पक्की केली. पण हे माप एकट्या भाताचे असते, वरण, भाजी आणि ताकाबरोबर कालवलेल्या भाताचे नव्हे. २०१८ साली स्टॅनफर्ड येथे ६०९ जाडजूड प्रौढांवर वर्षभर चाललेल्या चाचणीत स्निग्ध पदार्थ कमी करणाऱ्यांचे वजन सरासरी ५.३ किलोने आणि पिष्टमय पदार्थ कमी करणाऱ्यांचे ६ किलोने उतरले, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने निर्णायक नव्हता. दोन्ही गटांत काही लोकांचे वजन भरपूर घटले आणि काहींचे वाढलेही. भात सोडून नाचणीची भाकरी तेवढ्याच मोठ्या प्रमाणात खाल्ल्याने फारसे काही साधत नाही. ताटातल्या एकूण धान्याचा वाटा घटून तेथे डाळ, उसळ, दूध, अंडी किंवा मासे येतात काय, हा अधिक महत्त्वाचा मुद्दा आहे.

मावळात भात तोच राहिला आणि बाकीचे पुष्कळ बदलले. चिखलणी पॉवर टिलरने होऊ लागली, कांडण गिरणीत गेले, द्रुतगती मार्ग आणि तळेगावची औद्योगिक वसाहत आल्यावर अनेकांची खाचरेच विकली गेली. उखळापाशी रोज तासन्‌तास मुसळ चालवणारी बाई आणि गिरणीतून पीठ-तांदूळ आणणारी तिची सून यांच्या ताटात समान भात वाढला तर तो दोघींच्या शरीरात समान हिशेबाने जिरणार नाही. अँगस डीटन आणि ज्याँ द्रेझ यांनी २००९ साली दाखवून दिले की ग्रामीण भारतात पाहण्यांत नोंदलेला दरडोई कॅलरींचा आकडा दोन-अडीच दशके घटत गेला आहे, उत्पन्न वाढत असतानाही. अंगमेहनत घटणे हे त्याचे एक संभाव्य कारण त्यांनी सांगितले. म्हणजे वाढत्या वजनाचे खापर केवळ वाढत्या खादाडपणावर फोडता येत नाही. बाहेरच्या खाण्याची नोंद अशा पाहण्यांत नीट होत नाही, हीही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते; तरीसुद्धा शेतावरच्या माणसाला भात आणि शहरातल्या माणसाला भात हे दोन निराळे प्रश्न आहेत, एवढे या आकड्यांवरून निश्चित म्हणता येते.

दुसऱ्या टोकाला आंदर मावळातल्या ठाकर-कातकरी वस्त्या आहेत, जेथे लठ्ठपणाची चर्चा पोचली ती दूरचित्रवाणीवरून. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्याखाली प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते, म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम, साधारण ५८० किलोकॅलरी. हा आधार आवश्यक आहे आणि त्याने पावसाळ्यातील सवाई-दिढीचा फास पुष्कळ सैल केला. पण त्या पिशवीत तांदूळ आणि गहूच प्रामुख्याने असतात. याज्ञिकांच्या अभ्यासात ज्या तीन वस्तूंचा संबंध बाळाच्या वजनाशी आढळला, त्या पालेभाजी, फळ आणि दूध यांपैकी तिच्यात एकही नसते. अन्न म्हणजे धान्य आणि पोषण म्हणजे कॅलरी हे १८७७ चे गणित रेशनच्या वजनात अजून टिकून आहे.